मागच्या डाव्या चाकावर ३,६४० पाउंड : एका फिफ्थ-व्हील ट्रेलरची आणि मालकांच्या यादीची केस

हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं. आम्ही दोघं नवरा-बायको २०२१ मध्ये टेक्सासमधलं घर विकून ट्रेलरमध्ये राहायला आलो, फुलटाइम, म्हणजे सुट्टीपुरतं नाही तर दुसरं घरच नाही. इकडे असं राहणारे अमेरिकन हजारोंनी आहेत पण मराठी माणसं मला अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच भेटलीत, आणि भारतातून फोन आला की पहिला प्रश्न हाच की अहो नक्की राहता कशात? म्हणून आधी ते सांगतो आणि मग केसकडे येतो.

आपल्याकडे उसाची ट्रॉली बघितलीय ना, ट्रॅक्टरच्या मागे हुकाला अडकवलेली, वेग वाढला की मागे नागमोडी डोलायला लागते. साधा ट्रॅव्हल ट्रेलर तसा गाडीच्या मागच्या टोकाला अडकवतात. फिफ्थ-व्हील तसा नसतो, तो हायवेवरच्या कंटेनरसारखा असतो, ट्रेलरचा पुढचा उंच भाग पिकअप ट्रकच्या हौद्यावर येतो आणि तिथे मागच्या एक्सलच्या बरोबर वर बसवलेल्या हिचमध्ये, म्हणजे जोडणीच्या खाचेत, दोन इंच जाडीची किंगपिन अडकते. नाव घोडागाडीच्या काळातलं आहे, पुढचा एक्सल वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवं चाक बसवायचे, चार चाकं रस्त्यावरची आणि हे पाचवं. फायदा असा की ट्रेलरचं वीसेक टक्के वजन ट्रकवर येतं आणि डोलणं खूप कमी होतं, त्यामुळे मोठं घर ओढता येतं. आमचा ४२ फूट लांब, साडेआठ फूट रुंद आणि तेरा फुटांच्या वर उंच आहे. चार स्लाइड म्हणजे थांबल्यावर बाहेर सरकणाऱ्या खोल्या, घरातल्यासारखा मोठा फ्रिज, फायरप्लेस, वॉशिंग मशीन, किचनच्या मध्ये ओटा. २०१५ चं मॉडेल, पहिल्या मालकाकडून घेतलेलं. लग्झरी म्हणतात तो प्रकार हाच.

आता केस.

जून २०२२. टेक्सासच्या पश्चिमेला इंटरस्टेट १० वर ओझोनाच्या पुढे फोर्ट स्टॉकटनकडे चाललो होतो. तिथे वेगमर्यादा ८० मैल आहे पण आम्ही ६२ च्या वर कधी जात नाही. दुपारची वेळ, बाहेर १०३ फॅरनहाइट. टायरच्या प्रेशरचा मॉनिटर एकदम ओरडला, मागचं डावं चाक, आणि मी आरशात बघेपर्यंत रबराचे तुकडे उडताना दिसले. गाडी हळूहळू कडेला घेतली. ट्रेलर हलला नाही, हे फिफ्थ-व्हीलचं कौतुक, पण टायरची पट्टी सुटून चाबकासारखी खाली आपटत होती तिने जे नुकसान केलं ते बघून बायको रस्त्याच्या कडेला बसूनच राहिली. खालचं प्लास्टिकचं आच्छादन फाटलेलं, ब्रेकची वायर तुटलेली, सांडपाण्याच्या टाकीचा पाइप व्हॉल्व्हसकट उखडलेला आणि भांडी धुतलेलं पाणी डांबरावर वाहत होतं, किचनच्या स्लाइडची खालची कड चेपलेली. टायरवाला यायला साडेतीन तास. सावली नावाला नाही. त्या साडेतीन तासांत आम्ही दोघं एकमेकांशी फार बोललो नाही, ती फक्त एकदा म्हणाली, “अहो, हे आपलं घर आहे हो.”

टायर जुना नव्हता. टायरच्या बाजूवर डॉटच्या, म्हणजे अमेरिकन वाहतूक खात्याच्या, नंबरात शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, आमचा ३४१८ म्हणजे २०१८ चा चौतिसावा आठवडा, चार वर्षंसुद्धा झाली नव्हती. हवा त्याच सकाळी बघितलेली, ८० पीएसआय. मग मी समजूत करून घेतली की खिळा लागला असेल, ऊन होतं, नशीब. आणि तसाच, त्याच क्षमतेचा टायर परत बसवला. ती चूक होती आणि त्याचं उत्तर मला तीन महिन्यांनी मिळालं.

सप्टेंबरमध्ये आमच्या ट्रेलरच्या मालकांचा मेळावा होता, इंडियानामध्ये गोशेनला, एल्कहार्ट काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर. एल्कहार्ट म्हणजे या धंद्याची पंढरी, अमेरिकेतले बहुतेक आरव्ही, म्हणजे राहायच्या गाड्या आणि ट्रेलर, त्या एका पट्ट्यात बनतात, आसपासच्या आमिश, म्हणजे जुन्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, वस्त्यांतली पुष्कळ माणसं त्या कारखान्यांत कामाला आहेत. मेळाव्याच्या शेवटच्या दिवशी कंपनीची डिझाइनची मंडळी येऊन बसणार होती आणि मालकांनी “पुढच्या मॉडेलमध्ये काय हवं” याची यादी द्यायची होती. कंपनीचं नाव मी लिहिणार नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाहीये, मेळाव्याबाहेर दुसऱ्या बनावटीचे ट्रेलर असणारे जे जे भेटले त्यांचं रडगाणं तेच होतं. मी नोकरीत असताना आयुष्यभर कारखान्यात मेंटेनन्स केलेला, त्यामुळे यादी उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्या संध्याकाळी हॉलमध्ये सगळ्यांनी सांगितलेलं मी फळ्यावर लिहिलं. मोठा टीव्ही. वाइनचा वेगळा फ्रिज. डिशवॉशर. बेडरूममध्ये पण फायरप्लेस. गरम होणारे आणि मसाज करणारे सोफे. बाहेर दुसरं किचन. भिंतीत बसवलेला व्हॅक्यूम. तिसरा एसी. ओट्याला खऱ्या दगडाचा टॉप. दोन बाथरूम. यात वाईट काही नाही, माणूस एवढे पैसे घालतो तर त्याला हौस असणारच, आणि तिसऱ्या एसीची मागणी तर अगदी खरी आहे, ॲरिझोनाच्या उन्हात १५,००० बीटीयूचे दोन एसी सुद्धा दुपारी हात टेकतात. पण मी ते लिहिताना पाठीमागे आमच्या शेजारच्या ट्रेलरमधले आजोबा बसले होते, तीस वर्षं ट्रक चालवलेले, ते एवढंच म्हणाले की यातली प्रत्येक ओळ पाउंडात लिहून बघ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर वजन करणारी माणसं आली होती. हे नीट समजावून सांगतो कारण सगळी केस इथे आहे. इकडे हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर वजनकाटे असतात, तिथे ट्रकचा पुढचा एक्सल, मागचा एक्सल आणि ट्रेलरचे दोन्ही एक्सल मिळून असे तीन आकडे मिळतात. आम्ही तिथे एकदा वजन केलं होतं, ट्रेलरच्या एक्सलवर साडेतेरा हजारांच्या आसपास आलं होतं, एक्सलची क्षमता दोन्ही मिळून १४,००० पाउंड, म्हणजे सगळं ठीक असं समजून मी ती पावती फाइलला लावून टाकली. मेळाव्यात मात्र प्रत्येक चाकाखाली वेगळी पाटी ठेवून वजन करतात, मग ट्रेलर सोडून नुसता ट्रक तोलतात, त्या फरकातून किंगपिनवर किती भार येतो ते कळतं. वीस-पंचवीस मिनिटांचं काम.

आमचे आकडे असे आले. डावं पुढचं चाक ३,४६०. डावं मागचं ३,६४०. उजवं पुढचं ३,१५०. उजवं मागचं ३,३९०. किंगपिनवर ३,३२०.

आता टायरवर छापलेली मर्यादा बघा, ८० पीएसआयला ३,५२० पाउंड, साधारण १,६०० किलो. म्हणजे डाव्या मागच्या टायरवर त्याच्या मर्यादेपेक्षा १२० पाउंड जास्त, आणि हे गाडी उभी असताना, रस्त्यावर खड्डा आला, वळण आलं की तो भार अजून वाढतो. मागचा एक्सल ७,००० चा, त्याच्यावर ७,०३०. ट्रेलरचं एकूण परवानगी असलेलं वजन १६,८०० आणि आमचं भरलं १६,९६०. चारही चाकांची बेरीज १३,६४०, १४,००० च्या आत, म्हणजे बेरीज बघितली तर पास आणि एकेक चाक बघितलं तर नापास. ज्या जागेचा टायर जूनमध्ये फुटला तीच जागा, डावं मागचं. त्या कागदाकडे बघत मी किती वेळ उभा होतो मला आठवत नाही.

आणि याहून जास्त मला लागलं ते दुसरंच. चार टायर गुणिले ३,५२० म्हणजे १४,०८०. एक्सल १४,०००. म्हणजे ज्याने हा ट्रेलर बनवला त्याने कागदावर सुद्धा फक्त ८० पाउंडाची ढील ठेवली होती, चार चाकांत मिळून ८०, एक पिठाची गोणी आणि दोन तांदळाच्या पिशव्या! भार चारही चाकांवर अगदी समान असेल तरच ते जमणार, आणि किचन एकाच बाजूला असलेल्या घरात तो समान कधीच नसतो. आमच्या डाव्या बाजूला किचनची स्लाइड, फ्रिज, धान्याचं कपाट, पाण्याच्या नळजोडणीचा कप्पा, बॅटऱ्या, आणि मागच्या डाव्या कप्प्यात माझी हत्यारांची पेटी, तिचंच वजन १८० पाउंड निघालं. शिवाय ताज्या पाण्याच्या टाकीत ४० गॅलन होते, एक गॅलन ८.३४ पाउंड, म्हणजे सव्वातीनशेच्या वर तिथेच गेले. आमची चूक नव्हती असं नाही, जास्तीचे १६० पाउंड आम्हीच भरलेले. पण लग्झरी म्हणून विकलेल्या घराला १६० पाउंडाची चूक सोसता येत नसेल तर फायरप्लेस काय कामाची.

दिवसभरात अजून बऱ्याच जणांचे कागद बघितले, कुणाचं एक चाक वर, कुणाची किंगपिन इतकी जड की ट्रकच्या दारावर लिहिलेली भारक्षमता ओलांडलेली. संध्याकाळी आम्ही सहा-सात जण पिकनिक टेबलावर बसलो आणि फळ्यावरची यादी बाजूला ठेवून नवीन लिहायला घेतली, रात्री अकरापर्यंत बसलो, शेवटी बॅटरीच्या उजेडात.

पहिली मागणी अर्थात चाकांची. ८,००० चे एक्सल, १७.५ इंची रिम आणि एच क्षमतेचे टायर (टायरची क्षमता इंग्रजी अक्षरात लिहितात, अक्षर जितकं पुढचं तितकी जास्त), जे १२५ पीएसआयला ४,८०५ पाउंड घेतात, आणि कुठल्याही चाकावर टायरच्या क्षमतेच्या निदान पंधरा-वीस टक्के मोकळे राहिले पाहिजेत असा नियम कंपनीने स्वतःला घालून घ्यावा. त्याबरोबर डिस्क ब्रेक. साधे ड्रम ब्रेक विजेवर चालतात, त्यांच्या हबमध्ये ग्रीस जोरात भरलं की सील फुटून ते ब्रेकच्या लायनरवर येतं आणि तो ब्रेक मेला हे उतारावर येईपर्यंत कळत नाही. स्प्रिंगच्या जोडांमध्ये नायलॉनचे बुश असतात ते काही हजार मैलांत झिजून बोल्ट लोखंडावर लोखंड घासायला लागतो, तिथे ब्रॉन्झचे बुश आणि ग्रीस भरता येणारे बोल्ट, ज्यांना इकडे वेट बोल्ट म्हणतात, ते द्यावेत. हा एवढ्या महागाच्या गाडीत खरं तर मागायलाच लागू नये इतका छोटा खर्च आहे.

दुसरी मागणी माझी स्वतःची होती आणि तिच्यावर मी अडून बसलो. प्रत्येक ट्रेलर कारखान्यातून निघताना चाकानिहाय वजनाचा कागद त्याच्यासोबत द्यावा. आत्ता दारापाशी एक पिवळं स्टिकर असतं, त्यावर सामान किती भरता येईल तो एकच आकडा असतो. पण तो एकच आकडा कुठल्या बाजूला किती ते सांगत नाही. रिकाम्या ट्रेलरमध्येच डावीकडे चारशे पाउंड जास्त असतील तर मला ते पहिल्या दिवशी माहीत पाहिजे, मग मी हत्यारं उजवीकडे ठेवीन, एवढं साधं आहे.

तिसरी, वायरिंगचा आणि नळांचा नकाशा. हा विषय निघाला आणि टेबलावरचे सगळे एकदम बोलायला लागले. घरमालकाला जी पुस्तकं मिळतात ती फ्रिजची, हीटरची, टीव्हीची. ट्रेलरच्या भिंतीत कुठली वायर कुठून गेलीय, जोड कुठे आहे, हे सांगणारा एक कागद नसतो. एका बाईंच्या ट्रेलरमध्ये स्लाइड बाहेर गेली की बेडरूमचे दिवे जायचे, शोधायला मेकॅनिकला दोन दिवस लागले, जोड निघाला स्लाइडच्या खाली, प्लास्टिकच्या आच्छादनाच्या आत. आच्छादन कापून काढायचं आणि परत चिकटवायचं. आम्ही लिहिलं की भिंती बंद करायच्या आधी प्रत्येक बाजूचे फोटो काढा आणि सिरीयल नंबर टाकला की मालकाला दिसतील असे ठेवा, फोटो काढायला किती वेळ लागतो? आणि जिथे व्हॉल्व्ह आहे, पंप आहे, जोड आहे तिथे हात जाईल असं झाकण ठेवा, स्क्रूने उघडणारं.

याच्यातच किंगपिनजवळचं झाकण पण घातलं. बेडरूमचा उंच भाग पिनवर टेकलेला असतो, रस्त्यावरच्या प्रत्येक धक्क्याला तिथला सांधा वर-खाली होतो, फ्रेम तिथे कमी पडली की भिंत आणि फ्रेम हळूहळू एकमेकींपासून सुटायला लागतात, बाहेरून कोपऱ्यात बारीक तडा दिसतो किंवा मोल्डिंगची फट वाढते. मालक लोक याला फ्रेम फ्लेक्स म्हणतात आणि हे दोन शब्द ऐकले की फुलटाइमवाल्यांच्या पोटात गोळा येतो, कारण आतलं वेल्डिंग बघायचं तर आच्छादन फाडल्याशिवाय दिसत नाही. झाकण असेल तर दर वर्षी टॉर्च घेऊन बघता येईल.

विजेचं थोडक्यात सांगतो. मोठ्या ट्रेलरला ५० अँपचं कनेक्शन असतं, चार पिना, त्यातल्या दोन फेजच्या वायरींमध्ये २४० व्होल्ट आणि प्रत्येकीत व न्यूट्रलमध्ये १२० व्होल्ट. घरातलं सगळं १२० वर चालतं. कॅम्पग्राउंडच्या जुन्या खांबावर न्यूट्रल ढिली झाली तर एका बाजूच्या वस्तूंवर १२० च्या खूप वर, अगदी २४० च्या जवळ दाब येऊ शकतो आणि मायक्रोवेव्ह, टीव्ही, फ्रिजचं बोर्ड एका क्षणात जळतात. हे पकडून वीज तोडणारं यंत्र मिळतं, आम्ही बाहेरून घेऊन लावतो, ते कारखान्यातूनच आत बसवून यावं. आणि घरगुती फ्रिज देताय तर त्याला प्रवासात चालवायला लिथियमच्या पुरेशा बॅटऱ्या द्या, आमच्यात एक साधी लेड-ॲसिड होती, ती वारंवार अर्ध्याच्या खाली उतरवली की आयुष्य झपाट्याने कमी होतं.

टाक्यांचे काटे. ब्लॅक टँक म्हणजे संडासची टाकी, तिच्या आत टोचलेल्या स्क्रूंवर पातळी मोजतात, त्यावर घाण चिकटली की टाकी रिकामी असली तरी काटा “भरली” दाखवतो, वर्षभर तसाच. बाहेरून चिकटवायच्या पट्टीने मोजणारे सेन्सर बाजारात कधीचे मिळतात. हे वाचायला घाण वाटेल, पण ज्याच्याकडे पाहुणे आहेत आणि टाकी खरंच किती भरलीय माहीत नाही त्याला विचारा.

किचनची मागणी बायकोने लिहिली आणि तिच्या शब्दांत सगळ्या टेबलाला पटली. घेतल्यापासून फोडणी दिली की धुराचा अलार्म वाजायचा, शेगडीवरचा पंखा फुल्ल लावला तरी. ती म्हणायची अहो हा वारा परत माझ्याच तोंडावर येतोय. मी म्हणायचो छोटी जागा आहे, होतं असं. वर्षभराने तिने स्वतः स्टुलावर चढून पंख्याची जाळी काढून बघितलं, तर पंख्यामागून बाहेर जाणारी नळी जोडलेलीच नव्हती, भिंतीत भोक होतं, बाहेर झडप होती, मध्ये सहा इंच रिकामं. मोहरी-हिंगाचा सगळा वाफारा भिंतीच्या पोकळीत जात होता. तिचं म्हणणं असं की अमेरिकन माणूस ट्रेलरमध्ये अंडी तळतो नाहीतर मायक्रोवेव्ह लावतो म्हणून हे कुणाच्या लक्षात आलं नाही, पण आम्ही रोज दोन्ही वेळा स्वयंपाक करतो, म्हणून पंखा खरंच बाहेर हवा फेकतो का हे कारखान्यात नुसता कागदाचा कपटा धरून तपासा. आणि ड्रॉवरला प्रवासात बंद राहतील अशा कड्या द्या, चालत्या ट्रेलरमध्ये रोज छोटा भूकंप असतो, आमची तुपाची बरणी एकदा न्यू मेक्सिकोत ओट्याखालून निघून बेडरूमच्या पायरीपर्यंत पोचली होती. तिच्या बाजूला बसलेल्या ओहायोच्या आजी म्हणाल्या की आमच्याही पंख्याची नळी बघायला पाहिजे, आणि त्या उठून गेल्या, पंधरा मिनिटांनी परत आल्या, त्यांचीसुद्धा जोडलेली नव्हती.

शेवटची मागणी वस्तूची नव्हती. वॉरंटी आणि सर्व्हिस. यावर मला शांतपणे लिहिता येत नाही. बऱ्याच कंपन्यांच्या वॉरंटीत बारीक अक्षरात असतं की ही गाडी सुट्टीच्या वापरासाठी आहे, कायम राहण्यासाठी नाही, राहिलात तर वॉरंटी गेली. आणि वॉशिंग मशीन, मोठं कपाट, फायरप्लेस, डेस्क दाखवून विकतात मात्र “यात राहा” म्हणून. टायरच्या अपघातानंतर आमचा ट्रेलर स्लाइडच्या दुरुस्तीला सात आठवडे एका दुकानात उभा होता, डीलर म्हणे कारखान्यातून पार्ट आला नाही, कारखाना म्हणे डीलरने फोटो नीट पाठवले नाहीत. कार बिघडली तर माणूस टॅक्सीने घरी जातो. आमचं घरच दुकानात होतं. चार आठवडे मोटेलमध्ये आणि मग ओळखीच्यांकडे राहिलो, कुणी काही बोललं नाही, पण साठीनंतर दुसऱ्याच्या घरात पाहुणा म्हणून तीन आठवडे राहणं काय असतं ते राहणाऱ्यालाच कळतं. राज्याराज्यांचे लेमन लॉ, म्हणजे सदोष गाडी विकली तर भरपाई देणारे कायदे, वेगळे, अनेक ठिकाणी ओढायचे ट्रेलर किंवा त्यांचा राहायचा भाग त्यात येतच नाही. म्हणून आम्ही लिहिलं की फुलटाइम मालकाच्या कामाला दुकानात रांगेत पुढे घ्या, आणि जे काम कॅम्पग्राउंडवर येऊन होण्यासारखं आहे त्यासाठी फिरत्या मेकॅनिकचं बिल थेट भरा.

शेवटच्या दिवशीची मीटिंग दीड तास चालली. मी आधी यादी वाचली नाही, माझा वजनाचा कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि फुटलेल्या टायरचा फोटो. डिझाइनचा प्रमुख तरुण माणूस होता, त्याने कागद दोनदा वाचला आणि मग जे सांगितलं ते मला प्रामाणिक वाटलं. तो म्हणाला, डीलरच्या अंगणात गिऱ्हाईक आत शिरतं, सोफ्यावर बसतं, फायरप्लेस लावून बघतं, किचनचे दरवाजे उघडतं, खाली वाकून टायर वाचणारा माणूस मी क्वचित बघितलाय, आणि शेजारच्या कंपनीचा ट्रेलर तीच फायरप्लेस घेऊन दोन हजार डॉलर स्वस्त उभा असतो, तेव्हा ते दोन हजार मी कुठून काढू? टायरमधून निघतात, कारण ते दिसत नाहीत. आजोबा मागून म्हणाले की मग दिसतील असं करा, वजनाचा कागद फ्रिजच्या दारावर चिकटवा, डीलरच्या अंगणातच. खोलीत सगळे गप्प झाले. माझ्या मते त्या दीड तासातलं सगळ्यात कामाचं वाक्य ते होतं, कारण आजोबांनी दोष गिऱ्हाइकावर ढकलला नाही आणि कंपनीवरही नाही, फक्त न दिसणारी गोष्ट दाखवायची जागा सांगितली.

काय मिळालं ते सांगतो. पंख्याची नळी तपासायची पायरी त्यांनी लगेच मान्य केली. भिंतींच्या फोटोंना पण हो म्हणाले. ८,००० चे एक्सल आणि १७.५ ची चाकं ऑप्शन म्हणून देऊ म्हणाले, स्टँडर्ड नाही. चाकानिहाय वजनाला “विचार करू”. वॉरंटीला वकिलांना विचारावं लागेल. झाकणांचं कुणी बोललंच नाही.

पुढच्या मॉडेलचं पुढच्या लोकांना मिळो, आम्हाला तर आमचाच ट्रेलर सुधारायचा होता. तिथून निघायच्या आधी टाकीतलं पाणी १० गॅलनवर आणलं, आता मुक्कामाच्या जवळ भरतो. हत्यारांची पेटी उघडून निम्मी ट्रकमध्ये आणि उरलेली उजव्या पुढच्या कप्प्यात गेली. टायर जी क्षमतेचे घेतले, २३५/८५ आर १६, ११० पीएसआयला ४,४०० पाउंड, पण यात एक गोष्ट लक्षात ठेवा, जुनी रिम ११० पीएसआयची नसेल तर नुसता टायर बदलणं धोक्याचं आहे, आमच्या रिम ८० च्याच होत्या म्हणून त्या पण बदलल्या. हा टायर साधारण एक इंच उंच असतो, दोन चाकांमधली आणि वरच्या कमानीतली जागा मोजून मगच घ्या. आणि जड टायर लावला म्हणून एक्सलची क्षमता वाढत नाही, एक्सल ७,००० चाच आहे, हे मला दोन-तीन जणांना समजवावं लागलं.

किचनचं बायकोने हातात घेतलं. ती म्हणाली माझ्या डब्यांना हात लावायचा नाही, मी करते. तिने वजनकाटा आणून प्रत्येक डबा तोलला आणि वहीत लिहिला. गव्हाचं पीठ २० पाउंडाच्या गोणीऐवजी १० ची, तांदूळ तसेच, कारण ज्या शहराला इंडियन दुकान आहे तिथे ते मिळतंच. मोठा स्टीलचा कुकर मुलीकडे गेला, छोटा राहिला. जाड बिडाचा तवा मात्र राहिला, त्यावर चर्चा झाली नाही.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा एकेका चाकाचं वजन केलं. डावं पुढचं ३,३३०, डावं मागचं ३,४२०, उजवं पुढचं ३,०९०, उजवं मागचं ३,२४०. मागचा एक्सल ६,६६०. डाव्या मागच्या टायरवर आता जवळजवळ हजार पाउंड मोकळे आहेत. नोव्हेंबरमध्ये हिवाळ्यासाठी क्वार्ट्झसाइटकडे ॲरिझोनात निघालो तेव्हा परत तोच रस्ता लागला, इंटरस्टेट १०, ओझोना, फोर्ट स्टॉकटन. बायको मॉनिटर मांडीवर घेऊन बसली होती, दर दहा मैलांनी मागच्या डाव्या चाकाचं तापमान वाचत होती, बाकीच्या तिघांपेक्षा दोन डिग्रीच जास्त. जिथे टायर फुटला होता तो मैलाचा दगड गेल्यावर तिने मॉनिटर डॅशबोर्डवर ठेवला आणि थर्मासमधला चहा ओतला.

स्प्रिंगचे नायलॉनचे बुश अजून बदलायचे राहिलेत, वेट बोल्टचा सेट घेऊन ठेवलाय, मार्चमध्ये करीन. कुणाला फिफ्थ-व्हील घ्यायचा असेल तर आत जाण्याआधी खाली वाका, चारही टायरवरचा आकडा वाचा, त्यांची बेरीज करा आणि एक्सलच्या आकड्याशी ताडून बघा. मग शेगडीवरचा पंखा लावून बाहेरच्या झडपेसमोर हात धरा.